भीमेच्या काठावरून समुद्राच्या तळाशी

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन शेजारी तालुके. पाऊस दोन्हीकडे बेताचाच, पण नद्यांनी दोघांनाही हात दिला आहे. शिरूर वसले आहे घोड नदीच्या काठावर. जुनी माणसे आजही गावाला ‘घोडनदी’ म्हणूनच ओळखतात. दौंड वसले आहे भीमेच्या काठावर. ही भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते, कोरेगाव भीमाला वळसा घालून येते, रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठेला पोटात घेते आणि काही अंतर शिरूर-दौंडची शीव आखीत पुढे जाते. दौंड शहर ओलांडून ती उजनीच्या जलाशयात शिरते. तिथून पंढरपूरवरून कृष्णेला आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या दारापुढून वाहणारे पाणी शेवटी समुद्रालाच जायचे असते.

परंतु समुद्राशी आपली ओळख किती? आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला, दादरला. दौंड जंक्शनवरून मिळेल त्या गाडीने, उभ्याने, पोराबाळांना कडेवर घेऊन आपण चैत्यभूमीवर जातो. तासन् तास रांगेत उभे राहून बाबासाहेबांना अभिवादन करतो, पुस्तके घेतो, परततो. पाठीमागे समुद्र गाजत असतो. त्या पाण्यात काय राहते, काय जगते, हे पाहायला त्या दिवशी वेळही नसतो आणि मनही नसते. ते योग्यच आहे. पण वर्षाचे बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस असतातच की!

या विचारातून शिरूर आणि दौंड येथील आम्ही अकरा जणांनी गेल्या हिवाळ्यात एक उपक्रम हाती घेतला. पाण्यात राहणारे लहान जीव पाहायचे, त्यांचे फोटो काढायचे, आणि जमेल त्यांनी समुद्राच्या तळाशी जाऊन यायचे. अकरा जणांत चार कॉलेजची मुले, तीन मुली, दोन गृहिणी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक आबा आणि हिशेब ठेवायला प्रस्तुत लेखक. त्या प्रवासाची ही हकिकत आहे.

पाण्याला स्पर्श झाला, पण ओळख झाली का?

हा काय श्रीमंतांचा शौक, असे काही वाचकांना वाटेल. म्हणून आधी थोडे मागे जाऊ.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १९२७ रोजी, ते कोरेगावच्या विजयस्तंभाला अभिवादन करून गेले होते. तळ्याचा खटला मात्र चालतच राहिला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टात!

पुढे हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्याच्या अखत्यारीत दामोदर खोऱ्याची योजना आकाराला आली, महानदीवरच्या हिराकुडचा पाया घातला गेला, आणि जलमार्ग व पाटबंधाऱ्यांसाठी मध्यवर्ती आयोग स्थापन झाला. ज्यांना तळ्यावर येऊ दिले जात नव्हते, त्यांच्या नेत्याने देशाच्या नद्यांचा अभ्यास केला. यातला धडा आपण पुरता घेतलेला नाही. पाण्याचा हक्क मिळाला, पण पाण्याची ओळख झाली नाही. आपली किती मुले पोहायला शिकली? किती मुलींना नदीच्या पाण्यात काय राहते ते सांगता येईल? दर उन्हाळ्यात नदीत, विहिरीत, शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. त्यातली बरीच मुले गरिबांची असतात, कारण त्यांना पोहायला कोणी शिकवलेले नसते.

आमच्यातले आबा म्हणाले, “आमच्या गावच्या विहिरीला चांगल्या दगडी पायऱ्या होत्या. पण त्या आपल्यासाठी नव्हत्या. वर उभं राहायचं, कुणी पोहरा ओतला तर पाणी. त्यांची पोरं धबाधब उड्या मारायची आणि आम्ही लांबून बघायचो. पोहणं कसलं शिकतोय!” ज्या पायऱ्या आबांना उतरता आल्या नाहीत, त्या नातवंडांनी उतराव्यात, एवढीच या उपक्रमामागची इच्छा होती.

पाण्याखाली श्वास कसा घेतात?

पाण्याखाली पोहण्याच्या या विद्येला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. पाठीवर टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, पायांत बदकासारखे वल्ही. टाकीत ऑक्सिजन असतो असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. टाकीत असते ती आपण रोज घेतो तीच हवा, फक्त खूप दाबून भरलेली. श्वास घेतला की हवी तेवढीच हवा बाहेर सोडणारे यंत्र फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली बनवले, आणि तेव्हापासून माणूस पाण्यात सुटसुटीत फिरू लागला.

पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कान मोकळे होतात. सर्वांत मोठा नियम म्हणजे श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना दाब कमी होतो, फुफ्फुसातली हवा फुगते. ती अडवली तर फुफ्फुसाला इजा होते.

थंड पाण्याचे डायव्हिंग हा याच विद्येचा अवघड प्रकार आहे. ब्रिटन, नॉर्वे, कॅनडाचा पश्चिम किनारा, कॅलिफोर्निया, दक्षिण आफ्रिका येथे तो चालतो. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेते. त्यामुळे तिथे जाड रबरी पोशाख घालावा लागतो, फारच थंड पाणी असेल तर आत थेंबही शिरू न देणारा कोरडा पोशाख. एवढा त्रास लोक का सोसतात? कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, आणि अनेक थंड किनाऱ्यांवर तळाचे खतावलेले पाणी वर येत असते. त्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, त्यांच्यावर लहान जीव, त्यांच्यावर मोठे. दक्षिण आफ्रिकेच्या अशाच थंड समुद्रात क्रेग फॉस्टर हा माणूस टाकीशिवाय, नुसता श्वास धरून, जवळजवळ वर्षभर रोज एका ऑक्टोपसला भेटायला जात होता. त्यावरचा माहितीपट २०२० साली आला आणि २०२१ साली त्याला ऑस्कर मिळाले. मोठे शार्क, देवमासे सोडून एका लहान जिवाकडे तो चिकाटीने पाहत राहिला, हे आम्हाला फार आवडले.

आपण काही नॉर्वेला जाणार नाही. पण पाहण्याची ती चिकाटी कुकडीच्या काठावरही शिकता येते.

आधी घरचे पाणी : टाकळी हाजीचे कुंड

१ जानेवारीला कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना दिली. कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यात, तर स्तंभ नदीच्या अलीकडे पेरणे हद्दीत, हवेली तालुक्यात आहे. त्या दिवशी गर्दी अफाट असते. म्हणून दोन दिवस जाऊ दिले आणि मग टाकळी हाजीला गेलो. शिरूरपासून हे ठिकाण वीस-पंचवीस किलोमीटर. कुकडी नदीच्या या काठाला टाकळी हाजी, पलीकडच्या काठाला पारनेर तालुक्यातले निघोज. मधल्या नदीपात्रात जे रांजणखळगे आहेत, ते पाहायला परदेशी अभ्यासकही येतात.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्या पाषाणात पुराच्या पाण्याबरोबर आलेले दगड-गोटे भोवऱ्यात सापडले, गरगर फिरत राहिले आणि हजारो वर्षे खडक कोरत राहिले. त्यातून रांजणासारखे गोल, खोल खड्डे झाले. काही गुडघ्याएवढे, काही माणूस उभा बुडेल एवढे. पाणी मऊ आणि दगड कठीण, पण कोरला गेला तो दगडच.

इथे एक सूचना ठळकपणे द्यायची आहे. या खळग्यांत कोणीही उतरू नये. कडा निसरड्या आहेत, खोलीचा अंदाज येत नाही आणि आत पडलेल्याला धरायला आधार नसतो. आम्ही पोटावर झोपून, काचेची बरणी दोरीने खाली सोडली आणि पाणी वर ओढले. जानेवारीच्या सकाळचे ते पाणी असे गार की बोटे बधिर व्हावीत. थंड पाण्याचे आमचे डायव्हिंग एवढेच!

बरणीतले पाणी पांढऱ्या ताटलीत ओतले. आधी काहीच दिसेना. मुले कंटाळली. पाच मिनिटे गप्प बसायचे ठरले. मग ताटली जिवंत झाली. मोहरीएवढे ठिपके टुणटुण उड्या मारू लागले, त्या पाणपिसवा. काचेसारखा आरपार दिसणारा एक झिंगा मागे मागे सरकत होता. त्याच्या पोटातले अन्नसुद्धा दिसत होते. चतुराची पाण्यातली पिल्ले तळाशी दबा धरून बसली होती. चतुर म्हणजे हेलिकॉप्टरसारखा उडणारा तो कीटक. त्याचे बालपण पाण्यात जाते आणि त्या काळात तो डासांच्या अळ्या खाऊन आपल्यावर उपकार करतो, हे मुलांना नवीनच होते.

बारावीतल्या एका मुलीने साध्या मोबाईलला चिमट्याचे भिंग लावून फोटो काढले. तिने तीन नियम स्वतःच शोधून काढले. पहिला, जितके जवळ जाल तितका फोटो स्वच्छ, कारण मध्ये गढूळ पाणी कमी येते. दुसरा, उजेड समोरून नको, बाजूने हवा. समोरून टाकला तर पाण्यातला गाळ चमकतो आणि बर्फ पडल्यासारखे दिसते. तिसरा, आपली सावली पडू द्यायची नाही. पुढे समुद्रातल्या फोटोंसाठीही हेच नियम सांगितले गेले, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

फोटो झाल्यावर प्रत्येक जीव जिथून घेतला त्याच खळग्यात परत सोडला. पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. मेत्त सुत्तात तर लहान-मोठे, दिसणारे-न दिसणारे, अशा सर्व प्राण्यांविषयी मैत्री बाळगायला सांगितले आहे. न दिसणारे प्राणी म्हणजे कोणते, हे आम्हाला त्या दिवशी ताटलीत दिसले.

दौंडची भीमा : काय दिसले, काय दिसले नाही

दुसऱ्या रविवारी दौंडला नदीवर गेलो. तीच बरणी, तीच ताटली. कुकडीच्या पाण्यात जे सापडले, त्यातले इथे फारच थोडे सापडले. झिंगा नाही, चतुराचे पिल्लू नाही. सापडल्या त्या गाळात वळवळणाऱ्या तांबड्या अळ्या. या अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखे हिमोग्लोबिन असते, म्हणून जिथे प्राणवायू फार कमी तिथेही त्या जगतात. त्याच त्या उरल्या आहेत, याचा अर्थ पाणी आजारी आहे. वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही मोठी शहरे आहेत. त्यांचे सांडपाणी पुरते शुद्ध न होता मुळा-मुठेतून, भीमेतून खाली येते. जलपर्णीची हिरवी गादी पसरते, तिच्याखाली उजेड जात नाही.

आबांनी रेल्वेत असताना हीच नदी पाहिली होती. ते म्हणाले, “पुलाखाली शिंपले इतके असायचे की अनवाणी चालता येत नव्हतं.” गोड्या पाण्यातला शिंपला दिवसभर पाणी गाळत बसतो. ते शिंपले गेले म्हणजे नदीची चाळणीच गेली. वर्तमानपत्रात प्रदूषणाचे आकडे येतात आणि आपण पान उलटतो. इथे एका ताटलीत दोन नद्यांचा फरक दहा वर्षांच्या मुलालाही कळला.

दौंडच्या पुढे नदी उजनीच्या पाण्याला मिळते. हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्यासाठी अनेक गावे उठली. आज तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात मुख्यतः चिलापी असते. ती बाहेरून आणलेली जात आहे आणि तिच्या दाटीत अनेक देशी मासे मागे पडले. पण याच जलाशयाच्या उथळ कडेला, शेजारच्या इंदापूर तालुक्यातील भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या भागात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. नावेतून ते पाहिले. त्यांच्या पंखांचा तो गुलाबी-तांबडा रंग त्यांचा स्वतःचा नव्हे. ते चोच उलटी करून गाळ गाळतात आणि त्यातले शेवाळ, बारीक कोळंबीसारखे जीव खातात. त्या जिवांतला रंग पंखांत उतरतो. खायला ते मिळाले नाही तर पक्षी फिका पडतो. तळातल्या, कोणी न मोजलेल्या जिवांच्या कष्टावर वरच्यांचे सौंदर्य उभे असते, हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगायला नको.

मालवणला : तळाशी सात मीटर

माघ पौर्णिमेच्या सुमारास आम्ही मालवणला निघालो. पौर्णिमा मुद्दाम धरली. आपल्या घरी पौर्णिमेला वंदना असते हे एक. आणि दुसरे असे की पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे भरती मोठी येते आणि ओहोटीला समुद्र दूरवर मागे हटतो. किनाऱ्याचे लहान जीव पाहायचे तर ओहोटीचीच वेळ हवी. एरवी पंचांग न पाहणारे आम्ही, यावेळी भरती-ओहोटीचे कोष्टक मात्र पाठ करून गेलो.

दौंड आणि शिरूरची मंडळी पुण्यात एकत्र झाली आणि रात्रीच्या एस.टी.ने निघालो. पुण्याहून मालवण पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. घाट उतरताना दोघींना मळमळले, बाकी प्रवास सुखाचा झाला. समोर सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू केले. त्याच्या भोवतीच्या समुद्रात खडक आहेत, खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ साली येथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. मच्छीमार बांधवांचा त्याला विरोध राहिला, कारण पोटाचा प्रश्न आहे. निसर्ग वाचवायचा तर त्यावर जगणाऱ्यांना विचारून वाचवायला हवा, असे आम्हाला वाटते. जवळच तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे.

सकाळी भरतीच्या वेळी सात जण पाण्यात उतरले. आधी प्रकृतीची माहिती लिहून घेतली. हृदयविकार, दमा, कानाचा त्रास, सर्दी असेल तर उतरू देत नाहीत आणि तसे खोटे सांगूही नये. आबांना रक्तदाब आहे. ते स्वतःच म्हणाले, “मी नावेत बसतो. तुमची मोजणी करतो.” उथळ पाण्यात खुणा शिकवल्या. अंगठा वर केला तर आपण ‘छान’ समजतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. सर्व ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ. प्रत्येकाबरोबर एक प्रशिक्षक, तो पूर्ण वेळ धरून असतो.

गृहिणींपैकी एका ताईंनी दोनदा माघार घेतली. पाण्यात तोंड घातले की छाती धडधडे. प्रशिक्षक तरुण होता. तो म्हणाला, “मावशी, घाई नाही. फक्त श्वास मोजा. आत घ्या, बाहेर सोडा.” ताई विहारात आनापान करतात. पुढे त्या सांगत होत्या, “तेच तर आहे म्हटलं! नुसतं श्वासाकडं बघायचं.” तिसऱ्या वेळी त्या उतरल्या आणि सात मीटर तळाशी जाऊन आल्या.

तळाशी काय दिसते? पाणी उबदार, पण अंदमानइतके नितळ नाही. आपल्या किनाऱ्यावर गाळ असतो. चार-पाच मीटरवरच तांबडा रंग नाहीसा होऊ लागतो, कारण पाणी तो आधी शोषून घेते. सगळे निळे-हिरवे दिसते. मग प्रशिक्षक विजेरी टाकतो आणि करडा वाटलेला खडक एकदम केशरी, जांभळा होऊन उजळतो. वस्तू आहे त्यापेक्षा मोठी आणि जवळ दिसते, म्हणून हात पुढे करावा तर काही हाती लागत नाही. पट्ट्यापट्ट्यांचे मासे घोळक्याने येतात. पोपटासारख्या चोचीचा मासा खडक कुरतडतो, त्याचा कुर्र कुर्र आवाजही येतो. आणि तो खडक खडक नसतोच. प्रवाळाच्या हजारो लहान जिवांनी पिढ्यान् पिढ्या बांधलेली ती वस्ती असते. एकेक जीव टाचणीच्या डोक्याएवढा, पण सर्वांनी मिळून उभारलेल्या भिंती लाटा अडवतात. म्हणून प्रवाळाला हात लावायचा नाही, पाय ठेवायचा नाही.

संध्याकाळच्या ओहोटीला मात्र आबांसकट सर्व अकरा जण खडपांवर गेलो. खडकांच्या खळग्यांत समुद्राने आपले पाणी ठेवून दिलेले असते. आबा धोतर खोचून घोटाभर पाण्यात बसले. त्यांच्यापुढे समुद्रफूल उमलले होते. दिसायला फूल, पण तो प्राणी. जवळून शेवाळाचा तुकडा गेला तर पाकळ्या मिटून घेई. रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा शंखासकट तुरुतुरु चालत होता. शेवटी त्या बारावीच्या मुलीला सापडली ती नखाएवढी, कवच नसलेली समुद्री गोगलगाय. अंगावर रंगीत ठिपके, पाठीवर फुलासारखा गुच्छ. त्यातून ती श्वास घेते. शास्त्रज्ञ तिला नुडिब्रँक म्हणतात. जगभरचे पाणबुडे हिचाच फोटो काढण्यासाठी थंड समुद्रात तास तास घालवतात. कवच नाही, मग ही जगते कशी? तिच्यातल्या अनेक जातींच्या अंगात कडवट, विषारी रस असतो आणि भडक रंग हा शत्रूला इशारा असतो. आमच्या मुलीने गुडघ्यावर बसून चाळीस फोटो काढले. दोन चांगले आले.

आबा बराच वेळ त्या पाण्यात बसून होते. त्यांना कोणी उठवले नाही.

हे पाहायला मालवणलाच जावे लागते असे नाही. मुंबईच्या हाजीअली, जुहू, गिरगाव येथील किनाऱ्यांवरही ओहोटीला असे जीव दिसतात. २०१७ साली काही हौशी आणि अभ्यासू मंडळींनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला आणि सामान्य माणसांना किनाऱ्यावर फिरवून शेकडो प्रकारचे जीव दाखवले, नोंदवले. शहराच्या घाणीतही ते तग धरून आहेत.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

१. आधी पोहायला शिका. अशा पर्यटकी डायव्हिंगला पोहता आलेच पाहिजे असे नाही, परंतु पोहता येणारा माणूस घाबरत नाही. मुलींना तर आवर्जून शिकवा. साडी-ओढणीची लाज बुडताना वाचवीत नाही.

२. नावेत बसताच लाइफ जॅकेट घाला आणि उतरेपर्यंत काढू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाचे पर्यटक घेऊन येणारी बोट उलटली आणि काहींचा जीव गेला. नावेत जास्त माणसे भरली असतील तर पैसे गेले तरी चालतील, पण उतरा.

३. पावसाळ्यात हा व्यवसाय बंद असतो. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. त्यातही पाणी शांत असेल तो दिवस धरा.

४. परवाना आणि प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मागून पाहा. पावती घ्या. विचारायला संकोच करू नका, तो आपला हक्क आहे.

५. डायव्हिंग केल्यावर त्या दिवशी विमानाने जाऊ नका. आपल्यापैकी कितीजण विमानाने जाणार, पण नियम माहीत असावा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो.

६. खर्चासाठी आम्ही आठ महिने दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढली, बचत गटासारखी. प्रत्येक रुपयाचा हिशेब परत आल्यावर विहारात वाचून दाखवला. एका मुलाचे पैसे कमी पडले, ते सर्वांनी वाटून घेतले.

७. ज्यांना जमणार नाही त्यांनी एक बरणी, एक पांढरी ताटली आणि घरातला मोबाईल घेऊन जवळच्या नदीवर जावे. खर्च शून्य. मात्र सोबत मोठे माणूस हवेच, आणि काठ सोडायचा नाही.

पुढे काय?

परत आल्यावर मुलांनी काढलेले फोटो मोठे करून बुद्ध पौर्णिमेला विहारात लावले. एका भिंतीवर कुकडी, एका भिंतीवर दौंडची भीमा, एका भिंतीवर समुद्र. दौंडच्या भिंतीपुढे लोक जास्त वेळ थांबले, कारण तिथे फोटो कमी होते. “एवढेच का?” असे जो तो विचारत होता. उत्तर मुलांनीच दिले. त्या प्रश्नातूनच पुढचे काम ठरले आहे. दर महिन्याच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी दौंडला एकाच जागेवरून एक बरणी पाणी घ्यायचे, ताटलीत पाहायचे, जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहायचे आणि फोटो काढायचे. वर्षभराची वही झाली की ती घेऊन नगरपालिकेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जायचे. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही. नोंद असेल तर उत्तर द्यावे लागते, हे कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला पक्के माहीत असते.

भगवान बुद्धांच्या धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे. म्हणजे या आणि स्वतः पाहा. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पाहा आणि मग ठरवा. चवदार तळ्यावर आपण पाण्याला हात लावला. आता त्यात डोकावून पाहायची वेळ आहे. शिरूर, दौंड आणि आसपासच्या गावांतील ज्या पालकांना आपल्या मुला-मुलींना या नोंदीच्या कामात पाठवायचे असेल, त्यांनी पौर्णिमेनंतरच्या रविवारी सकाळी आठला दौंडच्या नदीकाठी यावे. येताना एक बरणी आणावी. ताटली आम्ही आणतो.

जय भीम! नमो बुद्धाय!